जंगल, पाणी, माती शिकायचंय? सीमाभागातल्या विद्यार्थ्यांसाठी परवडणारी पदवी निवडण्याची वाट

बेळगाव जिल्ह्यात खानापूरच्या कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, भीमगडच्या रानातून म्हादई निघते आणि धुपदाळच्या बंधाऱ्यावर घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे. म्हणजे ज्या विषयाची प्रयोगशाळा दारात आहे, तोच विषय शिकायला इथली मुलं निघतात. पण घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो फीचा, आणि निवड तिथेच चुकते. वर्षाची फी कमी असली म्हणजे पदवी स्वस्त झाली असं नाही. ज्या पदवीवर भरतीचा अर्जच भरता येत नाही, ती फुकट मिळाली तरी महाग. म्हणून या लेखाचा क्रम थोडा उलटा आहे: आधी नोकरीची पात्रता, मग पदवी, मग प्रवेशाचं दार, मग कागदपत्रं आणि शेवटी पैशाचा हिशोब.

आधी भरतीची जाहिरात वाचा

मागच्या दोन-तीन वर्षांतल्या चार जाहिराती उतरवून घ्या: भारतीय वनसेवा, महाराष्ट्र वनसेवा, कर्नाटक वनखात्याची भरती आणि दोन्हींपैकी कोणत्याही राज्याची वनरक्षक भरती. त्यातला शैक्षणिक पात्रतेचा परिच्छेद पेन्सिलीनं अधोरेखित करा. हे काम एका संध्याकाळचं आहे आणि चार वर्षं वाचवणारं आहे.

भारतीय वनसेवेसाठी केंद्रीय लोकसेवा आयोग पदवीत या विषयांपैकी किमान एक मागतो: पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र किंवा प्राणिशास्त्र. नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. ही यादी दोनदा वाचा. पर्यावरणशास्त्र तिच्यात नाही. पर्यावरणशास्त्र मुख्य विषय घेऊन बीएस्सी केली आणि सोबत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र यांपैकी काहीच पदवीचा विषय म्हणून घेतलं नाही, तर अर्ज अडतो. या क्षेत्रात सर्वांत जास्त मुलं इथेच फसतात, कारण नावावरून तीच पदवी जंगलाच्या सर्वांत जवळची वाटते. तोच मुख्य विषय घ्यायचा असेल तर जोडीला वनस्पतिशास्त्र किंवा रसायनशास्त्र आहे ना, आणि ते गुणपत्रिकेवर पदवीचा विषय म्हणून छापून येतं ना, एवढं आधी विचारा.

वनरक्षकाचं गणित वेगळं आहे. महाराष्ट्रात त्या पदाला बारावी पुरते. विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय असावा लागतो. उंचीची अट सर्वसाधारणपणे पुरुषांना १६३ सेंटिमीटर आणि महिलांना १५० सेंटिमीटर, शिवाय धावण्याची चाचणी. कर्नाटकातही वनरक्षकाच्या म्हणजे बीटवरच्या गार्डच्या पदाला पीयूसी, म्हणजे तिथली बारावी, चालते. म्हणून घरची गरज लवकर कमावण्याची असेल, तर चार वर्षांच्या पदवीत पैसा घालण्याआधी वनरक्षकाची तयारी करत घरूनच बीएस्सी करणं शहाणपणाचं. वरच्या पदांच्या स्पर्धा परीक्षा खात्यात राहूनही देता येतात.

कर्नाटकातल्या पदांसाठी कन्नडची परीक्षा द्यावी लागते आणि महाराष्ट्रातल्या पदांसाठी मराठी. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांनी दहावीनंतर कन्नड वाचणं सोडू नये. पीयूसीत भाषा विषय म्हणून मराठी घेतली तरी हरकत नाही, पण रोज कन्नड वृत्तपत्राचं एक पान वाचायची सवय ठेवा. शिरसीच्या वनशास्त्र कॉलेजात शिकायला गेलात तर लाकूडतोडे, रोपवाटिकेतले मजूर, गावच्या वन समितीचे सदस्य यांच्याशी कन्नडमध्येच बोलावं लागतं. ते जमलं नाही तर क्षेत्रकार्याचे गुणही जातात आणि त्यातली गंमतही.

नावं सारखी, शिक्षण वेगळं

बीएस्सी ऑनर्स वनशास्त्र ही चार वर्षांची व्यावसायिक पदवी, कृषी विद्यापीठांच्या अखत्यारीतली. तिच्यात वनसंवर्धन, वनमापन, काष्ठशास्त्र, रोपवाटिका, कृषिवानिकी, वन्यजीव व्यवस्थापन, मृद व जलसंधारण हे सगळं येतं. शेवटच्या वर्षात विद्यार्थी काही महिने वनखातं आणि गावं यांच्यासोबत प्रत्यक्ष काम करतात, शिवाय अभ्यास दौरा असतो. खातं, लाकूड व कागद उद्योग, रोपवाटिका, पाणलोटावर काम करणाऱ्या संस्था यांपैकी काही नजरेसमोर असेल तर ही पदवी सर्वांत थेट.

रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र ही साधी बीएस्सी बेळगावातच होते. कर्नाटकानं २०२४-२५ पासून चार वर्षांची रचना सोडून पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली आहे, त्यामुळे राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कॉलेजांत तीन वर्षांत पदवी हातात येते. हिला कमी लेखू नका. वरच्या यादीतले तीन विषय तिच्यात आहेत, म्हणजे भारतीय वनसेवेचं दार पूर्ण उघडं. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेची एमएस्सी वनशास्त्र, शिवमोग्याच्या कुवेंपू विद्यापीठाची वन्यजीव व व्यवस्थापन या विषयातली एमएस्सी, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातली पर्यावरणशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्राची एमएस्सी, हे पुढचे रस्तेही खुले राहतात. मात्र कृषी विद्यापीठांतली एमएस्सी वनशास्त्र साधारणपणे वनशास्त्राच्या पदवीधरांसाठी असते. साध्या बीएस्सीवर तिथे शिरता येईल असं धरून चालू नका.

पीयूसीला जीवशास्त्र नसून गणित असलेल्यांसाठी कृषी अभियांत्रिकी आहे, त्यात मृद व जलसंधारण अभियांत्रिकी हा पूर्ण विभाग असतो. कर्नाटकात त्याचं कॉलेज रायचूरला, महाराष्ट्रात राहुरी आणि दापोलीला. बांध, शेततळी, पाणलोट आराखडे यांत रस असलेल्यांनी हा पर्याय दुर्लक्षू नये. उद्यानविद्या हा जवळचा चुलत विषय. त्याचं कॉलेज तर गोकाकजवळ अरभावीलाच आहे, बागलकोटच्या उद्यानविद्या विद्यापीठाचं. पण ती फळबाग-भाजीपाल्याची पदवी आहे, जंगलाची नाही. घराजवळ आहे एवढ्यावर ती घेऊन नंतर पस्तावू नका.

तीन दारं, तीन परीक्षा

कर्नाटकात वनशास्त्राची दोन सरकारी कॉलेजं: शिरसीचं, धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाखालचं, आणि कोडगूतल्या पोन्नमपेठचं, शिवमोग्याच्या कृषी व उद्यानविद्या विद्यापीठाखालचं. प्रवेश कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या सीईटीतून होतो. प्रत्येक विषयाचे ६० प्रश्न, ८० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. पीयूसीचे गुणही धरले जातात, तेव्हा सीईटीच्या नादात बोर्डाचा अभ्यास टाकू नका. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी वेगळा कोटा आहे आणि त्यासाठी कृषी प्रात्यक्षिक चाचणी द्यावी लागते: बियाणी, अवजारं, खतं, रोपं ओळखणं अशा स्वरूपाची. शेतात वाढलेल्या मुलाला ही चाचणी जड नाही, पण कन्नड आणि इंग्रजी नावं पाठ नसतील तर ओळखीची वस्तू समोर असूनही गुण जातात. शाळू, नाचणी, तूर, हरभरा, भुईमूग, कुळीथ यांची तिन्ही भाषांतली नावं एका वहीत लिहून काढा. दहावीपर्यंतचं शिक्षण ग्रामीण शाळेत झालं असेल तर १५ टक्के ग्रामीण आरक्षणही लागू होतं. कन्नड माध्यमाचं ५ टक्के आरक्षण मराठी माध्यमाच्या मुलांना मिळत नाही, तो रकाना चुकूनही भरू नका. पडताळणीत तो टिकत नाही आणि नंतर दुरुस्तीसाठी पळापळ होते.

महाराष्ट्रात वनशास्त्राची पदवी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात आहे. प्रवेश एमएचटी-सीईटीतून. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राची प्रश्नपत्रिका मराठीतही घेता येते, आणि इथेही चुकीला गुण कापत नाहीत. अडचण एकच: ही परीक्षा महाराष्ट्र बोर्डाच्या अभ्यासक्रमावर असते, सुमारे २० टक्के अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर. कर्नाटकची पीयूसी एनसीईआरटीच्या पुस्तकांवर चालते. दोन्हीकडचे बहुतेक धडे सारखे असले तरी महाराष्ट्र बोर्डाची बारावीची जीवशास्त्र आणि रसायनशास्त्राची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून, त्यातली तक्ते-आकृत्यांची पानं वेगळी वाचावी लागतात. दोन महिने त्यासाठी राखून ठेवा.

तिसरं दार देशपातळीवरचं. कृषी विद्यापीठांतल्या पदवीच्या काही जागा भारतीय कृषी अनुसंधान परिषद सीयूईटी या देशभराच्या सामायिक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर भरते. परीक्षेच्या अर्जात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र हा गट निवडावा लागतो. परीक्षा दिली म्हणजे काम झालं असं नाही. निकालानंतर परिषदेच्या समुपदेशनाची वेगळी नोंदणी आणि वेगळी फी असते, आणि तेवढंच विसरल्यामुळे चांगले गुण असलेली मुलं बाहेर राहतात. या दारानं आपल्या राज्याबाहेरच्या विद्यापीठात गेल्यास राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्ती दरमहा मिळते. अंतरामुळे बिचकणाऱ्या पालकांनी ही रक्कम हिशोबात धरल्याशिवाय नकार देऊ नये.

तिन्ही परीक्षांचे अर्ज साधारण डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान निघतात आणि परीक्षा एप्रिल ते जूनमध्ये येतात. बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीतच फोटो, सही, आधारवरचं नाव, जन्मतारीख हे सगळं एकसारखं करून ठेवा. आधारवर वडिलांचं नाव एक, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग कन्नड उच्चाराप्रमाणे तिसरं, हा सीमाभागातला नेहमीचा गुंता. तो सोडवायला शपथपत्र आणि आधार दुरुस्ती मिळून महिनाभर सहज जातो.

दोन राज्यांच्या दोन फायली

सीमाभागातल्या मराठी विद्यार्थ्याला जी गोष्ट इतरांना मिळत नाही ती म्हणजे दोन राज्यांची वाट. पण ती कागदावर सिद्ध करावी लागते.

कर्नाटकच्या फायलीत पहिलीपासूनचे शिक्षण दाखले लागतात. सात वर्षं कर्नाटकात शिकल्याचा पुरावा ही पात्रतेची मुख्य अट, आणि शाळेच्या दाखल्यावर गटशिक्षणाधिकारी म्हणजे बीईओंची प्रतिस्वाक्षरी असावी लागते. ग्रामीण दाखलाही तसाच. जात आणि उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीतून, म्हणजे स्थानिक महसूल कार्यालयातून घ्यायचे, त्यांच्यावरचा आरडी क्रमांक सीईटीच्या अर्जात टाकायचा. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गीयांच्या ३ब प्रवर्गात येतो. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांचा दाखला पाहून प्रवर्ग ठरवू नका, दोन्ही राज्यांच्या याद्या वेगळ्या आहेत. शेतकरी कोट्यासाठी तहसीलदारांचा दाखला आणि जमिनीचा आरटीसी उतारा, म्हणजे कर्नाटकातला सातबारा. उतारा आजोबांच्या नावावर असेल तर वारसा दाखवणारे कागद आधी जमवा, वारस नोंदीला वेळ लागतो.

महाराष्ट्राच्या फायलीत दोन गोष्टी निर्णायक. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांत तुमचं गाव आहे का, आणि मातृभाषा मराठी असल्याचा पुरावा आहे का. महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाच्या व्यावसायिक प्रवेशांत वादग्रस्त सीमाभागातल्या, दहावी किंवा बारावी तिथल्या मान्य संस्थेतून उत्तीर्ण झालेल्या मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी स्वतंत्र पात्रता प्रकार ठेवलेला असतो. कृषी प्रवेशाच्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात तो शोधा आणि दाखल्याचा नमुना तिथूनच छापून घ्या. साध्या कोऱ्या कागदावर मुख्याध्यापकांनी लिहून दिलेलं पत्र नमुन्यात बसत नाही म्हणून परत येतं. ८६५ गावांची यादी पाहताना गावाचं जुनं नाव, नवीन नाव आणि तालुका तिन्ही तपासा. तालुक्यांची फेररचना झाल्यानं गाव यादीत जुन्या तालुक्याखाली सापडतं.

नोकरीच्या वेळीही हेच गाव उपयोगी पडतं. महाराष्ट्रातल्या सरकारी भरतीत या ८६५ गावांत १५ वर्षं वास्तव्य असल्याचा विहित नमुन्यातला दाखला चालतो. पंधरा वर्षांचे पुरावे ऐनवेळी जमत नाहीत. शाळेचे दाखले, रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या आतापासून एका पिशवीत ठेवा.

एक धोक्याची जागा दहावीनंतर येते. चंदगड, गडहिंग्लज किंवा कोल्हापूरला अकरावी-बारावी करायचा विचार असेल तर त्याआधी कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या पात्रता कलमांशी आपली सगळी वर्षं ताडून पाहा. कुठल्या इयत्ता कोणत्या राज्यात झाल्या आणि दहावी-बारावी कुठून उत्तीर्ण झालात, यावर शिरसीची सरकारी जागा टिकते की जाते हे ठरतं. एकदा बारावी झाल्यावर ते मागे घेता येत नाही.

खर्चाचा खरा कागद

एका कागदावर दोन रकाने आखा: पदवीचा पूर्ण काळ आणि दरवर्षीचा खर्च. शिक्षण शुल्क, नोंदणी व परीक्षा शुल्क, वसतिगृह, मेस, प्रवास, अभ्यास दौरा, पुस्तकं, पावसाळी बूट-रेनकोट. फीचे आकडे कॉलेजच्या त्या वर्षीच्या परिपत्रकावरून घ्या, दोन वर्षांपूर्वी शिकलेल्या मुलाच्या आठवणीवरून नको.

फी बाजूला ठेवून उदाहरणादाखल हिशोब बघू. शिरसी किंवा दापोलीसारख्या ठिकाणी मेस महिना ३,५०० रुपये धरली, वर्षात १० महिने, तर चार वर्षांचे १,४०,००० होतात. घरी येण्याजाण्याच्या वर्षाला आठ फेऱ्या, फेरीला ६०० धरल्या तर चार वर्षांचे १९,२००. दौऱ्याचे एकदाच १५,०००, आणि पुस्तकं-कपडे-बूट वर्षाला ५,००० म्हणजे २०,०००. बेरीज १,९४,२००. आता खानापूरहून बेळगावला रोज जाऊन बीएस्सी: बसपास वर्षाला २,०००, डबा-चहा १०,०००, पुस्तकं ४,०००, तीन वर्षांचे ४८,०००. त्यानंतर दोन वर्षं बाहेर राहून एमएस्सी, वर्षाला मेस ३५,०००, प्रवास ४,८००, बाकी ५,०००, म्हणजे ८९,६००. पाच वर्षांचे मिळून १,३७,६००. दुसरी वाट छप्पन्न हजारांनी स्वस्त, पण कमाई एक वर्ष उशिरा सुरू होते. कोणती बरी हे घराघरावर ठरतं. आकडे तुमचे घाला, रीत हीच ठेवा.

मुलींच्या बाबतीत हिशोब आणखी बदलतो. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या महिलांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास आहे, म्हणून जांबोटी, नंदगड, येळ्ळूर इथून बेळगावला येणाऱ्या मुलीचा रोजचा प्रवास शून्यात जातो. महाराष्ट्रात एसटीला महिलांना निम्मं तिकीट लागतं, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं.

वसतिगृहाची चौकशी फक्त कॉलेजात करून थांबू नका. कर्नाटकात मागासवर्गीय कल्याण खात्याची आणि समाज कल्याण खात्याची मॅट्रिकोत्तर वसतिगृहं आहेत. तिथे जागा न मिळालेल्या मागासवर्गीय मुलांना विद्यासिरी योजनेतून भोजन-निवासासाठी दरमहा ठरावीक रक्कम मिळते. मेसच्या खर्चातून ती वजा करा.

शिष्यवृत्ती आणि कर्ज

कर्नाटकातल्या बहुतेक सरकारी शिष्यवृत्त्या एकाच राज्य शिष्यवृत्ती पोर्टलवरून जातात. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. खातं नुसतं आधार दिलेलं असून पुरत नाही, बँकेत ते थेट लाभासाठी जोडून घ्यावं लागतं. मंजूर होऊनही रक्कम न येण्याचं हे सर्वांत साधं कारण. शेतकऱ्यांच्या मुलांसाठीच्या रैत विद्यानिधीला पालकांचा फ्रूट्स, म्हणजे शेतकरी म्हणून झालेल्या ऑनलाइन नोंदणीचा क्रमांक लागतो. तो कृषी खात्याच्या रैत संपर्क केंद्रात काढून मिळतो, म्हणून उतारा आणि आधार घेऊन आधीच काढून ठेवा.

बारावीत आपल्या बोर्डात वरच्या २० टक्क्यांत आलेल्या आणि कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्यांना केंद्राची शिष्यवृत्ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरून मागता येते: पदवीच्या तीन वर्षांत वर्षाला १२,०००, पुढे पदव्युत्तरला २०,०००. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, आणि पहिल्या वर्षी मिळालेली शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी केवळ अर्ज न भरल्यानं थांबलेली खूप दिसते.

बँकेचं शैक्षणिक कर्ज साधारणपणे चार लाखांपर्यंत पालकांचा स्वतःचा वाटा न घेता मिळतं, साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. सरकारी वनशास्त्र कॉलेजसाठी एवढं कर्ज बहुधा लागणार नाही, आणि लागत असेल तर आकडा पुन्हा तपासा. कर्नाटकच्या मागासवर्गीय विकास महामंडळांचं अरिवु कर्ज सीईटीतून व्यावसायिक प्रवेश घेणाऱ्यांना कमी व्याजानं मिळतं, आधी तिथे अर्ज करा आणि मग बँकेकडे जा.

खाजगी विद्यापीठांचे एजंट जून-जुलैत बेळगाव, निपाणीत फिरतात आणि दूरच्या राज्यातली वनशास्त्राची जागा देऊ करतात. पैसे देण्याआधी दोन याद्या उघडा: विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य विद्यापीठांची यादी, आणि कृषी अनुसंधान परिषदेची अधिमान्यता असलेल्या संस्था व अभ्यासक्रमांची यादी. परिषदेच्या यादीत तो अभ्यासक्रम नसेल तर पुढे कृषी विद्यापीठांत एमएस्सीला आणि अनेक सरकारी भरत्यांत अडचण येते. तेवढ्या फीत शिरसीची चारही वर्षं निघतील.

कॉलेज डोळ्यांनी पाहा

पसंतीक्रम भरण्याआधी एकदा जाऊन या, जमलं तर पावसाळ्यात. इमारतीपेक्षा रोपवाटिका बघा. बेडवर कोणती रोपं आहेत, पिशव्यांवर नावं आहेत का, विद्यार्थ्यांच्या हाताला माती आहे का. वनस्पतींचे वाळवलेले नमुने ठेवलेली खोली उघडायला सांगा; तिथे मागच्या वर्षाचे नमुने असतील तर शिकवणं चालू आहे. प्राध्यापकांना नव्हे, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा: सत्रात जंगलात किती दिवस जाता, शिक्षकांची किती पदं रिकामी आहेत, चौथ्या वर्षी कोणत्या वन विभागात पाठवतात, वसतिगृह सगळ्यांना मिळतं का, आणि फीव्यतिरिक्त कोणत्या नावानं पैसे घेतात. गेल्या वर्षी बाहेर पडलेली मुलं कुठे आहेत हा प्रश्न शेवटी विचारा आणि नावनिशीवार उत्तर येतं का ते पाहा.

घरूनच बीएस्सी करणाऱ्यांसाठी

बेळगावात बीएस्सी करून पुढे या क्षेत्रात जायचं असेल तर ती तीन वर्षं वर्गाबाहेरही वापरावी लागतात. पहिल्या वर्षी आपल्या गावच्या परिसरातली शंभर झाडं पान, साल, फूल, फळ यांवरून ओळखायला शिका आणि त्यांची स्थानिक मराठी, कन्नड व शास्त्रीय नावं वहीत लिहा. जांभूळ, हिरडा, बेहडा, ऐन, किंजळ, नाणा, कुंभा यांपासून सुरुवात केली तर खानापूरच्या कोणत्याही रानात हाताशी येतात. दुसऱ्या वर्षी नकाशा बनवायला शिका. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालतं आणि आपल्या गावचा ओढा, उतार, विहिरी त्यावर मांडता आल्या तर मुलाखतीत दाखवायला काहीतरी असतं. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर वन्यजीव संवर्धनाचे अभ्यासक्रम मोफत शिकता येतात, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी भरायची.

भीमगड किंवा दांडेलीकडच्या काळी व्याघ्र प्रकल्पाच्या रानात अभ्यासासाठी वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार तो गुन्हा ठरतो, आणि वनखात्यातच नोकरी मागणाऱ्याच्या नावावर तशी नोंद नको. कॉलेजच्या पत्रासह विभागीय कार्यालयात अर्ज करा; प्राणीगणनेच्या किंवा पक्षी मोजणीच्या वेळी स्वयंसेवक घेतात का, तेही तिथेच विचारा. परवानगी न लागणाऱ्या जागाही भरपूर आहेत: गावचा तलाव, देवराई, उसाच्या बांधावरचे पक्षी. एकाच तळ्यावर वर्षभर दर रविवारी सकाळी एक तास मोजणी केली तर ५२ नोंदींचा खरा अभ्यास तयार होतो. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्राची वन्यजीवशास्त्र व संवर्धनाची एमएस्सी कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुली आहे. जागा मोजक्या, त्यामुळे निवडीत अशा स्वतःच्या नोंदींचं वजन पडतं.

तिसऱ्या वर्षाच्या जानेवारीत एमएस्सीच्या प्रवेश परीक्षांच्या तारखा एका कागदावर मांडा. कर्नाटकातून महाराष्ट्रात किंवा दुसऱ्या विद्यापीठात जाताना स्थलांतर प्रमाणपत्र लागतं. ते निकालानंतर लगेच मागा, कारण विद्यापीठातून यायला आठवडे जातात आणि त्याशिवाय प्रवेश तात्पुरताच राहतो. बारावीनंतर राज्य बदलणाऱ्यांनी पीयू बोर्डाचं तसंच प्रमाणपत्र घ्यायचं, आणि मूळ गुणपत्रिका कोणत्याही कॉलेजात जमा करण्याआधी तिच्या पाच साक्षांकित प्रती आणि एक स्वच्छ स्कॅन काढून ठेवायचा. प्रवेशाच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत चांगली जागा लागली आणि मूळ कागद आधीच्या कॉलेजात अडकले, तर ती जागा पुढच्या मुलाकडे जाते.